या वयात कशाला?

मागच्या भाषणात आपण हप्ते आणि व्याज यांवर बोललो. आज विषय वेगळा आहे. पण ऐकता ऐकता तुमच्या लक्षात येईल की हाही आपल्या गटाचाच विषय आहे.

झालं असं, की आपल्या भागातल्या एका जत्रेत तमाशा आला होता. पूर्वी आपल्याकडे बायका तमाशाला जात नसत. जत्रा म्हणजे देवदर्शन, पाळणा, मुलांना खेळणी. साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या जत्रेला गेलो तर वर्षाची सुकी मासळी. तमाशाची कनात लागली की तिकडे बघायचंसुद्धा नाही, असंच आपल्या आयांनी आपल्याला शिकवलं. या वेळी आम्ही नऊजणी ठरवून गेलो. घरी सांगून गेलो, तिकीट काढून गेलो.

गण झाला, गवळण झाली. तरुण मुली नाचल्या, सिनेमाची गाणी झाली, शिट्ट्या झाल्या. मग मध्येच ढोलकी थांबली आणि एक वयस्कर बाई पुढे आल्या. सत्तरीच्या आसपास असतील. साधी नऊवारी, केस पांढरे, एका गुडघ्याला पट्टा बांधलेला. एका पोरीने हाताला धरून त्यांना माइकपर्यंत आणलं. मागून कोणीतरी ओरडलं, "आजी, घरी जा!" आमच्यातलीही एकजण हळूच म्हणाली, "या वयात कशाला गं?"

बाईंनी माइकची उंची कमी करून घेतली आणि गायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला आवाज थोडा फाटला. दुसऱ्या ओळीला सापडला. तिसऱ्या ओळीला ढोलकीवाला हसायला लागला, कारण बाई त्याला खेळवत होत्या. वरचा सूर आता लागत नाही हे त्यांना माहीत होतं. तिथे त्या नुसत्या भुवई उडवून थांबायच्या आणि तो सूर लोक आपल्या मनात पुरा करायचे. पाय फारसा हलला नाही. हात, मान आणि डोळे, एवढ्यावर त्यांनी पंधरा मिनिटं सगळी कनात धरून ठेवली. ओरडणारा परत ओरडला नाही.

येताना टेम्पोत आम्ही बराच वेळ गप्प होतो. मग चर्चा सुरू झाली ती याच प्रश्नावर : या वयात कशाला? त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही पुस्तकं चाळली, जुन्या लोकांना विचारलं, मोबाइलवर जुनी चित्रीकरणं पाहिली. जे सापडलं ते आज सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. तमाशात बाई कायमच होती असं नाही. पेशवाईच्या काळापासून तमाशात बाईचं काम मुलगा करायचा. त्याला नाच्या पोऱ्या म्हणत. बाई फडावर उभी राहिली ती बरीच नंतर. त्यात पहिलं नाव घेतलं जातं ते पवळाबाईंचं. संगमनेर तालुक्यातलं हिवरगाव पावसा हे त्यांचं गाव. पठ्ठे बापूराव आणि पवळा ही जोडी तेव्हा महाराष्ट्रभर गाजली. पठ्ठे बापूराव म्हणजे मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, मोठे लावणीकार. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकातही भेटतं. पवळाबाईंचं नाव मात्र आमच्या गटातल्या एकीलाही माहीत नव्हतं. लावण्या बापूरावांच्या, पण लोक कनातीत यायचे ते त्या लावण्या पवळाच्या तोंडून ऐकायला. लिहिलेलं कागदावर राहतं. गायलेलं हवेत जातं. बाईचं काम पुष्कळदा असं हवेत गेलेलं आहे, स्वयंपाकासारखं.

आता यमुनाबाई वाईकरांकडे येऊ. जन्म १९१५ सालचा, कोल्हाटी समाजातला. घरची गरिबी इतकी, की लहानपणी आईबरोबर गावोगाव फिरून, नाचून, गाऊन पैसे आणि भाकरी मागायची वेळ होती. गाण्याचे पहिले धडे आईकडूनच मिळाले. पुढे त्यांनी बहिणींना बरोबर घेऊन स्वतःची संगीत पार्टी काढली. यमुना, हिरा आणि तारा अशी तिघींची नावं त्या पार्टीला होती. मैत्रिणींनो, हे ऐकून आम्हाला आपला गटच आठवला. तिघी बहिणी, एक पेटी, एक ढोलकी आणि मिळकत तिघींची.

यमुनाबाईंचा खास प्रकार म्हणजे बैठकीची लावणी. यात कलावंतीण बसून गाते. एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची आणि दर वेळी तिचा अर्थ चेहऱ्यावरून, हातावरून, नजरेतून वेगळा दाखवायचा. याला अदाकारी म्हणतात. ही कला वयाबरोबर उतरत नाही, उलट मुरत जाते. आपल्या लोणच्यासारखी. मधल्या काळात सिनेमा आला, लोकांची आवड बदलली, अशा कलावंतिणींचं काम कमी झालं. यमुनाबाईंचं खरं कौतुक झालं ते साठीच्या आसपास. १९७७ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०१२ साली पद्मश्री. पद्मश्री मिळाली तेव्हा वय शहाण्णव! २०१८ सालच्या मे महिन्यात वाईला त्यांचं निधन झालं. शंभरी पार करून गेल्या. "या वयात कशाला" असं म्हणून त्या साठीलाच गप्प बसल्या असत्या, तर बैठकीची लावणी कशी असते हे नव्या मुलींना दाखवायला कोण उरलं असतं?

आता विठाबाई. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड होता. लहानपणापासून विठाबाई त्यातच वाढल्या. त्यांची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा फडावर आल्या. लोकांना कळलं तेव्हा लोकांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितला.

ही गोष्ट सांगताना लोक "काय हिंमत!" म्हणतात. आम्हीही म्हणालो. पण आमच्यातल्या एका कातकरी मैत्रिणीने वेगळाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "ताई, त्या दिवशी तिला सुट्टी का नव्हती?"

याचं उत्तर तमाशाच्या हिशोबात आहे. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. तिथे मोसमात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात आणि सुपारी ठरवतात. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि उन्हाळ्यात जत्रा संपेपर्यंत फिरत राहतो. मोठ्या फडात शंभराहून जास्त माणसं असतात. गाड्या, कनात, दिवे, जेवणखाण, सगळ्याला पैसा लागतो आणि तो खेळ सुरू होण्याआधी लागतो. म्हणून फडमालक सावकाराकडून रक्कम उचलतो. कलाकार मालकाकडून उचल घेतात. मग वर्षभर नाचून ती फेडायची. एक खेळ बुडाला की उचल तेवढीच राहते, दिवस मात्र गेला.

उचल हा शब्द आपल्या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दिवाळी झाली की कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरून कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती उचलीपायीच. बाळंतपणाला आठ दिवस असतानाही बाई भट्टीवर असते, ती हौसेने नसते. आमच्या मैत्रिणीला विठाबाईंची गोष्ट आमच्यापेक्षा आधी कळली, कारण ती त्यातून गेली आहे.

विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. लोकांनी डोक्यावर घेतलं. पण २००२ साली त्या गेल्या तेव्हा शेवटचे दिवस ओढगस्तीत गेले होते. उपचाराच्या खर्चाला लोकांची मदत लागली. आयुष्यभर हजारो रुपयांचे गल्ले ज्यांच्या नावावर जमले, त्यांच्यापाशी स्वतःसाठी साठवलेलं काही राहिलं नाही. आता सरकार त्यांच्या नावाने तमाशातल्या ज्येष्ठांना जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलं आहे. पण सन्मान वेगळा आणि म्हातारपणीची पुंजी वेगळी, हे आपण बचत गटातल्या बायकांनी तरी विसरू नये.

या पुरस्काराचा पहिला मान मिळाला कांताबाई सातारकरांना. त्यांचा जन्म १९३९ सालचा, गुजरातमधला. आईवडील तिकडे दगडाच्या खाणीवर कामाला होते. पुढे घर साताऱ्याला आलं. कांताबाई नऊवारीत जशा शोभायच्या तशाच पुरुषी वेशातही. वगामध्ये छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका त्या करायच्या. तुकाराम खेडकर यांच्या फडात त्यांची जोडी जमली, संसारही झाला. १९६४ साली खेडकर गेले. फड म्हणजे घर आणि तेच हातातून गेलं. पदरात मुलं. कांताबाईंनी काही वर्षं दुसरीकडे कामं केली आणि मग कर्जाचा भार घेऊन स्वतःचा फड उभा केला. तो पुढे मुलांनी चालवला. २०२१ साली मे महिन्यात करोनाने त्यांचं निधन झालं, तेव्हा त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या.

त्यांच्या फडाच्या बोर्डावरचं नाव बघा : "रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर". त्या "सह" या शब्दावर आम्ही बराच वेळ बोललो. मुलगा आणि आई, दोघांची नावं बोर्डावर. आपल्याकडे सातबाऱ्यावर बाईचं "सह" तरी असतं का? दुधाच्या खात्यावर? घरपट्टीच्या पावतीवर? कांताबाई टिकल्या याचं एक कारण आवाज होता, हे खरं. दुसरं कारण हे, की आपलं नाव बोर्डावर राहील याची त्यांनी काळजी घेतली.

सगळ्याच गायिका फडावरून आल्या असं नाही. सुलोचना चव्हाण यांचा रस्ता वेगळा होता. जन्म १९३३ सालचा, मुंबईत गिरगावातला. त्या सिनेमासाठी पडद्यामागून गायच्या. लावणी गाणं चांगल्या घरातल्या बाईला शोभत नाही असं मानण्याचा तो काळ. त्यांच्या यजमानांनी, म्हणजे श्यामराव चव्हाणांनी, त्यांना शब्दातला नखरा आवाजात कसा आणायचा ते शिकवलं. त्या मंचावर उभ्या राहायच्या त्या दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन. नाच नाही, हातवारे नाहीत. जे काही करायचं ते गळ्याने. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं आणि ते नाव कायमचं लागलं. सत्तरी ओलांडल्यावरही त्या तशाच पदर घेऊन गात आणि लोक तसेच शिट्ट्या मारत. २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ८९व्या वर्षी, त्या गेल्या.

इथे आमच्या गटात भांडण लागलं. एकजण म्हणाली, "बघा, पदर घेऊनही गाता येतं, मग नाचायचं कशाला?" दुसरी म्हणाली, "ज्यांना पदर घ्यायची मुभा होती त्यांनी घेतला. विठाबाई थांबल्या असत्या तर शंभर माणसांची चूल थांबली असती." आम्हाला दुसरीचं म्हणणं पटलं. सुलोचनाबाईंना मान मिळाला तो योग्यच होता. पण तीच लावणी कनातीत म्हणणारीला शिव्या मिळायच्या. गाणं तेच, मान मात्र जात आणि घर बघून. हे आपण आपल्या वाड्या-पाड्यांतही बघतो.

आता थोडं लांब जाऊ. अमेरिकेत टीना टर्नर नावाची गायिका होती. रॉक नावाचं जे दणदणीत संगीत असतं, त्याची ती राणी. जन्म १९३९ चा, म्हणजे आपल्या कांताबाईंच्याच वयाची. काळ्या वर्णाची, कापूस वेचणाऱ्या शेतमजुरांच्या घरातली. खरं नाव वेगळं होतं, टीना हे नाव नवऱ्याने दिलेलं. दोघं मिळून कार्यक्रम करायचे. नाव, पैसा, सगळा व्यवहार नवऱ्याच्या हातात आणि घरात मारझोड. १९७६ साली एका रात्री ती पळाली, तेव्हा तिच्याजवळ ३६ सेंट होते. म्हणजे अगदी चिल्लर. घटस्फोटात तिने नवऱ्याकडे मालमत्तेसाठी भांडण केलं नाही. टीना टर्नर हे नाव वापरायचा हक्क तेवढा सोडला नाही. उलट, तिने सोडलेल्या कार्यक्रमांची देणी तिच्या अंगावर आली. मिळेल तिथे लहानमोठे कार्यक्रम करून तिने ती फेडली. लोक म्हणायचे, हिचं संपलं.

१९८४ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिच्या गाण्यांचा संच आला आणि जगभर खपला. १९८८ साली ब्राझीलमध्ये तिला ऐकायला एका मैदानात एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास लोक जमले होते. शेवटचा दौरा तिने २००९ साली संपवला, तेव्हा वय होतं ६९. उंच टाचांचे बूट घालून ती मंचभर फिरायची. आम्ही ते चित्रीकरण पाहिलं आणि आम्हाला जत्रेतल्या त्या बाई आठवल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. २०२३ साली टीना गेली.

आणखी एक गंमत सांगतो. रोलिंग स्टोन्स नावाचा इंग्रज गायकांचा ताफा २००३ साली मुंबईत येऊन गेला. त्यांचा मुख्य गायक मिक जॅगर तेव्हा साठीला आला होता. ऐंशी ओलांडल्यावरही तो उड्या मारत गातो आणि लोक म्हणतात, "काय दम आहे!" तिकीट काढून रांगा लावतात. म्हाताऱ्या पुरुषाचा दम दिसतो. म्हाताऱ्या बाईचं मात्र आधी वय दिसतं.

आता आम्हाला आमचीच एक चूक सांगायची आहे. लांबचं बोलून झालं, जवळचं राहिलं.

आमच्या एका गावात एक आजी आहेत. ढवळारीण. आपल्या भागातल्या आगरी लग्नात ढवळे म्हणणाऱ्या बाईचा केवढा मान असायचा हे तुम्हाला ठाऊक आहे. हळदीपासून लग्न लागेपर्यंतचे सगळे विधी ती गाण्यातून सांगायची. कुठल्या वेळी काय करायचं हे तिच्या गाण्यात असायचं, पुस्तकात नाही. आता हळदीला डीजे येतो. आजींना बोलावतात, पण एक-दोन ढवळे झाले की पोरं आवाज वाढवतात.

मागच्या ८ मार्चला आम्ही महिला दिनाचा मेळावा घेतला. आजींना गायला बोलावलं. कार्यक्रमपत्रिकेत पाच मिनिटं लिहिली. आजी उभ्या राहिल्या, दोन ढवळे झाले, तिसरा सुरू केला आणि तेवढ्यात पाहुणे आले. आम्ही आजींच्या हातातून माइक घेतला. सत्कार झाले, भाषणं झाली, महिला सक्षमीकरणावर बोलणं झालं. आजी मागच्या खुर्चीवर बसून राहिल्या. आम्ही त्यांना एक नारळ दिला. टेम्पोचं भाडंसुद्धा विचारलं नाही. मंडपवाल्याचे पैसे हिशोबात होते, साउंडवाल्याचे होते, चहावाल्याचे होते. आजींचे नव्हते. हिशोबाची वही आमच्याच हातात होती.

जत्रेत "आजी, घरी जा" असं ओरडणाऱ्या माणसाचा आम्हाला राग आला होता. आम्ही ओरडलो नव्हतो. आम्ही माइक काढून घेतला होता.

त्यानंतर आम्ही आजींकडे गेलो. माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तिसरा ढवळा मोठा हाय, तो मध्येच सोडू नये एवढंच." मग ओसरीवर बसून त्यांनी तो पूर्ण म्हटला. चाळीस मिनिटं लागली. गटातल्या दोन मुलींनी तो मोबाइलवर घेतला. खाली लिहिताना आजींचं नाव, त्यांच्या आईचं नाव आणि सासूचं नाव, असं तिन्ही नावांसह लिहिलं, कारण गाणी त्या दोघींकडून आली होती.

मैत्रिणींनो, म्हणून तीन गोष्टी आम्ही आमच्या गटांसाठी ठरवल्या आहेत. तुम्हालाही पटल्या तर बघा.

एक. गटाच्या कुठल्याही कार्यक्रमात गाणाऱ्या, वाजवणाऱ्या बाईचं मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च वहीत आधी लिहायचा. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण वहीत तिचं नाव हवं.

दोन. आपल्या गावात ढवळारीण असेल, भजनात आयुष्य गेलेली बाई असेल, फडात काम केलेली कोणी असेल, तर तिच्यासाठी सरकारच्या मानधन योजनेची चौकशी करायची. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना असं तिचं नाव आहे. पन्नाशी ओलांडलेल्या गरजू कलावंतांसाठी ती आहे आणि २०२४ पासून महिन्याला ५००० रुपये अशी रक्कम ठरली आहे. अट अशी, की कलेत बरीच वर्षं काम केल्याचा पुरावा लागतो. इथेच आपल्या बायका अडतात. फोटो नाही, पत्रिका नाही, पावती नाही. म्हणून आजपासूनच प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका छापताना तिचं पूर्ण नाव घाला, फोटो काढा, तारीख लिहा. कागद कुठले, अर्ज कधी, हे पंचायत समितीत विचारून घ्या. एकटीला पाठवू नका, दोघी-तिघी बरोबर जा.

तीन. तिचं गाणं मध्येच थांबवायचं नाही. पाहुणे थांबतील.

जत्रेतल्या त्या बाईंना आम्ही खेळ संपल्यावर भेटलो होतो, हे सांगायचं राहिलं. कनातीच्या मागे त्या पाय शेकत बसल्या होत्या. आम्ही विचारलं, "मावशी, अजून किती वर्षं गाणार?" त्या म्हणाल्या, "उचल फिटेपर्यंत." आणि मग थोडं थांबून, "फिटली तरी गाईन. तेव्हा तर जास्त चांगलं गाईन."

त्यांचा फड दुसऱ्या दिवशी पहाटे निघून गेला. त्या पुढच्या वर्षी आपल्याकडे येतील की नाही हे आम्हाला माहीत नाही. आल्या तर आम्ही नऊजणी पुढच्या रांगेत असू. तुम्हीही या. घरी सांगून या, तिकीट काढून या.